मॅडम, माझा आवाज लावा ना

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. थंडीचे दिवस, गिरणारे रोडच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागांवर धुकं, आणि मी गाडी लावून कुलूप काढेपर्यंत चार-पाच पोरं व्हरांड्यात आधीच येऊन बसलेली. त्यातली एक दुसरीतली मुलगी, गुड मॉर्निंग नाही काही नाही, माझ्या पर्सकडे बघत थेट म्हणाली, "मॅडम, माझा आवाज लावा ना."

तिला आदल्या दिवशीचं तिचं रेकॉर्डिंग ऐकायचं होतं. परिपाठाला अजून वेळ होता म्हणून तिथेच पायरीवर बसून लावलं. तिने शांतपणे ऐकलं, मधेच एका ठिकाणी ओठ दाबले, आणि संपल्यावर म्हणाली, "परत करू. मी परकाश म्हणले." मी काहीच सांगितलं नव्हतं हो. गेले दोन महिने मी तिला 'प्रकाश' म्हणायला सांगत होते, फळ्यावर लिहून दाखवत होते, प आणि र जोडून दाखवत होते, आणि ती माझ्या तोंडाकडे बघून बरोबर म्हणायची आणि पुस्तकात आलं की परत परकाश. त्या दिवशी तिला तिचंच ऐकू आलं.

हे लिहायला घेतलं ते यासाठीच. प्राथमिक शाळेत टेक्नॉलॉजी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर पडदा येतो, मोठा टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब, रंगीत व्हिडिओ. माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा आहे की पहिली-दुसरीच्या वर्गात सगळ्यात जास्त कामाला आलेली वस्तू म्हणजे मोबाईलमधला साधा रेकॉर्डर. त्याने मला प्रत्येक पोराचा आवाज वेगवेगळा ऐकायला मिळाला, आणि पोरांना स्वतःचा.

आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे, नाशिक तालुक्यातच. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. निम्मी पोरं गावातली आणि निम्मी दिवाळीनंतर येणारी. पेठ, सुरगाणा, हरसूल या भागातली कुटुंबं द्राक्षाच्या कामाला इकडे उतरतात, बागेच्या कडेला झोपड्या टाकतात, आणि पावसाळा तोंडावर आला की नागली-भाताच्या पेरणीला परत वर जातात. म्हणजे माझा पट दिवाळीआधी एक आणि दिवाळीनंतर दुसराच. त्यांच्या घरची बोली कोकणा, गावातल्या पोरांची मराठी वेगळी, पुस्तकातली आणखी वेगळी. मी स्वतः सटाण्याकडची, आमच्या घरात अहिराणी. लहानपणी मी शाळेला 'शाया' म्हणायचे आणि डोळ्याला 'डोया', आणि गुरुजींनी ते सगळ्या वर्गासमोर हसून सांगितल्यावर मी कितीतरी दिवस वर्गात तोंडच उघडलं नव्हतं. ते अजून लक्षात आहे, आणि त्यामुळेच पोरगं कसं बोलतं याच्याकडे माझं जरा जास्तच लक्ष असतं.

आता थोडं मागे जाते. 2015 च्या 22 जूनला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या कार्यक्रमाचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, आला, आणि त्याच काळात ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा शाळेचं नाव सगळीकडे झालं. एवढ्याशा पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल झाली म्हणून राज्यभरातून शिक्षक बघायला जायचे. ते वारं आमच्याकडेही आलं. आम्ही त्या वेळच्या शाळेत लोकवर्गणी काढली, गावातल्या मंडळाने गणपतीच्या खर्चातून पैसे बाजूला काढले, एका आजोबांनी कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, आले त्यातले हजार रुपये आणून दिले, आणि आम्ही नाशिकच्या एमजी रोडवरून प्रोजेक्टर आणला. ज्या दिवशी पहिल्यांदा लावला त्या दिवशी आया पण खिडकीत उभ्या होत्या. त्या लोकांनी शाळेसाठी खिशात हात घातला ही गोष्ट मी कधीच कमी लेखणार नाही.

कविता लावली की वर्ग एकदम गप्प. सगळ्यांचे डोळे पडद्यावर, हातवारे करत गाणं म्हणताहेत, केंद्रप्रमुख साहेब येऊन खूश होऊन गेले. दोन महिन्यांनी मी सहज एकेकाला जवळ घेतलं, पुस्तक उघडलं आणि म्हटलं, या कवितेत 'पाऊस' कुठे लिहिलंय ते दाखव. तेवीस पोरांपैकी सहा-सात जणांनी दाखवलं. बाकीची कविता सुरुवातीपासून चालीत म्हणायला लागायची आणि बोट ओळीवर कुठेही फिरायचं. चाल पाठ होती, हातवारे पाठ होते, अक्षराशी गाठच पडली नव्हती. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण ते दोन महिने मी 'छान चाललंय' असंच समजत होते.

नंतर प्रोजेक्टरचा दिवा गेला, नवीन दिवा प्रोजेक्टरच्या निम्म्या किमतीला मिळत होता, मग तो कपाटात गेला. कितीतरी शाळांच्या कपाटात अशा वस्तू आहेत. ही फक्त आपली गोष्ट आहे असंही नाही. युनेस्कोचा 2023 चा जागतिक शिक्षण अहवाल शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरच आहे आणि त्यात पेरू देशाचं उदाहरण आहे, तिथे 10 लाखांहून जास्त लॅपटॉप मुलांना वाटले, पण शिकवण्याच्या पद्धतीत ते कसे बसवायचे हे कोणी बघितलं नाही, आणि मुलांच्या शिकण्यात सुधारणा झाली नाही. 10 लाख! मी ते वाचलं तेव्हा मला आमच्या गावातले ते कांद्याचे हजार रुपये आठवले.

मग कोरोना आला. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. व्हॉट्सॲपवर रोज अभ्यास यायचा, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागायची, आम्ही पालकांना वेळ सांगायचो. पण माझ्या 31 पोरांपैकी 9 घरांत स्मार्टफोन, आणि तोही वडिलांसोबत दिवसभर शेतात. केंद्र सरकारने त्या जुलैत 'प्रज्ञाता' नावाच्या सूचना काढल्या होत्या, त्यात पहिली ते आठवीला दिवसाला 30 ते 45 मिनिटांच्या दोनपेक्षा जास्त ऑनलाईन तासिका नको असं होतं. आमच्याकडे दोन तासिका लांबच, दोन मिनिटांचा व्हिडिओ पण गोल गोल फिरत बसायचा. तेव्हा मी व्हिडिओ पाठवणं बंद केलं आणि व्हॉइस नोट पाठवायला लागले. संध्याकाळी वडील घरी आले की पोरगं ऐकायचं आणि उलट व्हॉइस नोट पाठवायचं. पुस्तकाचं एक पान वाचून.

त्या व्हॉइस नोट ऐकताना माझ्या लक्षात आलं की मी या पोरांना आजपर्यंत ऐकलंच नव्हतं. म्हणजे वर्गात तीस जण एका सुरात वाचतात, आपण म्हणतो वाचताहेत. एकेकाला उठवलं तर दोन ओळी वाचेपर्यंत मागे दोघांची मारामारी, तिकडे कोणाला पाणी प्यायचंय, खिचडीचा टेम्पो आला, कुणाचे तरी पालक दारात. एका पोराला सलग एक मिनिट, फक्त त्याला, ऐकायला मिळणं हे दोन इयत्ता सांभाळणाऱ्या बाईच्या नशिबात जवळजवळ नाहीच. आणि आता रात्री नऊ वाजता माझ्या कानात एकच पोरगं वाचत होतं, मागे कोंबड्यांचा आवाज, आईचं "नीट वाच" आणि तो एक-एक शब्द.

शाळा सुरू झाल्यावर मी ते सोडलं नाही. आता असं करते. माझा एक जुना फोन आहे, सिम काढून टाकलेला, इंटरनेट नाही, गेम नाही, काही नाही. कपाटाच्या मागे भिंतीशी एक कोपरा आहे तिथे जुन्या साडीचा पडदा लावलाय, त्याने आवाज पण जरा घुमत नाही. दोघं-दोघं जातात. एक वाचतो, दुसरा फोन धरतो आणि लाल बटण दाबतो, आणि फोन धरणाऱ्याला वाचणाऱ्याइतकाच मान असतो. आधी हजेरी नंबर सांगायचा, मग पान नंबर, मग वाचायचं. मी तोपर्यंत दुसऱ्या इयत्तेला घेऊन बसते.

यातून जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. पोरं स्वतःचं ऐकायची आणि म्हणायची, परत करू. तोच उतारा चार वेळा, पाच वेळा, एक पोरगा तर एका उताऱ्याला आठ वेळा गेला. एरवी "परत वाच" म्हटलं की तोंड वाकडं होतं, कारण त्यांना ती शिक्षा वाटते. इथे त्यांना स्वतःचा आवाज चांगला यायला हवा असतो. वाचन सुधारायला तोच उतारा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचणं हा जुना उपाय आहे, तो कोणाला नवीन सांगायला नको, पण पोराने तो आपणहून करावा यासाठी मला इतक्या वर्षांत दुसरं काही सापडलं नव्हतं.

रात्री पोळ्या लाटताना मी कानात इअरफोन घालून ऐकते. सतरा पोरं, प्रत्येकी साधारण मिनिटभर. शेजारी वही असते, पीठ लागलेली पानं आहेत त्यात. त्या वहीत असल्या नोंदी आहेत: चार जण 'ळ' चा 'ल' वाचतात. एक जण शब्दाची सुरुवात बरोबर वाचून शेवट अंदाजाने ठोकतो, 'करतात' असलं तरी 'करतो'. एक मुलगी एकही चूक न करता वाचते पण कुठेच थांबत नाही, पूर्णविराम आला तरी नाही, विचारलं काय वाचलंस तर गप्प. वर्गात ही मुलगी माझ्या 'हुशार'च्या यादीत होती. आणि जी खरं तर अर्थ समजून अडखळत वाचत होती ती 'कच्ची'च्या यादीत. एवढी मोठी चूक माझ्याकडून होत होती.

'ळ' वाल्या चौघांचं सांगते. ते फक्त वाचताना नाही, बोलतानाही तसंच म्हणतात, घरची सवय आहे. त्यांना सगळ्यांसमोर दुरुस्त करायचं नाही हे मी शाया-डोया म्हणणारी मुलगी असल्यापासून पक्कं ठरवलेलं आहे. मी काय केलं, माझ्या आवाजात जोड्या रेकॉर्ड केल्या. गाल-गाळ, मूल-मूळ, काल-काळ. उलटसुलट क्रमाने. मग स्पीकरवर लावायचं आणि पोरांनी ऐकून गालाला हात लावायचा की खाली चिखल दाखवायचा. आधी कान तयार झाला. मग तीच पोरं स्वतःच्या आवाजात जोड्या भरायला लागली आणि बाकीच्यांनी ओळखायचं. कोणी कोणाला चूक म्हटलं नाही, फक्त "कळलं नाही, परत बोल" एवढंच. तीन आठवड्यात तिघांचं जमलं, चौथ्याचं अजून चालू आहे आणि त्याची मला घाई नाही. घरी तो त्याच्या पद्धतीनेच बोलतो आणि ते तसंच राहिलं पाहिजे.

आणखी एक. एक मुलगा रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबायचा आणि बऱ्याचदा तीच ओळ परत वाचायचा. मला आधी वाटलं लक्ष नाही. तीन दिवस सलग ऐकल्यावर शंका आली म्हणून जाऊन बघितलं, पुस्तक नाकाजवळ. शाळेत आरोग्य पथक आलं तेव्हा मुद्दाम त्याला पहिला बसवला, डॉक्टरांनी पुढे तपासणीला पाठवलं, आता चष्मा आहे. तो फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत होता आणि सामूहिक वाचनात सगळ्यांच्या मागून म्हणत होता. दोन वर्षं कुणाला कळलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये कळलं.

मुलांचं वाचन ऐकून चुका दाखवणारी ॲप पण आली आहेत. मी एक वापरून बघितलं. गावातल्या पोरांना मजा आली, पण माझ्या वरच्या भागातल्या पोरांचे उच्चार त्याला पटेनात, बरोबर वाचलं तरी पुढे जाईना, आणि एक पोरगी रडवेली होऊन फोन ठेवून गेली. मी ते त्या पोरांपुरतं थांबवलं. पुढे अशी ॲप सुधारतील, बोलीही शिकतील, मला तशी खूप आशा आहे. पण आज सहा वर्षांच्या पोराला मशीनने चार वेळा 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणणं आणि मी एकदा मान हलवणं यात फार फरक आहे.

आजीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका मुलीची आजी बागेतल्या झोपडीत लहान बाळाला सांभाळायला असते. मी एकदा शाळा सुटल्यावर गेले, आजी चुलीवर नागलीची भाकरी थापत होत्या, आणि नातीला त्यांच्या बोलीत काहीतरी गोष्ट चालली होती, डोंगऱ्यादेवाच्या सणाच्या वेळची. मी विचारलं, आजी, ही फोनमध्ये भरू का. त्या लाजल्या, पण बोलल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात लावली. त्या भागातली सहा-सात पोरं, जी एरवी शेवटच्या रांगेत, ती एकदम पुढे सरकली, हसायला लागली, आणि गावातली पोरं त्यांना विचारायला लागली, "काय म्हणाली? सांग ना." वर्ष-दीड वर्षात पहिल्यांदा माहिती असणारे ते होते आणि विचारणारे बाकीचे. मग त्या मुलीने गोष्ट मराठीत सांगितली, मी तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिली, सात वाक्यं झाली. तिने ती सात वाक्यं वाचली, कारण ती तिचीच होती. 'भाकरी' हा शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता वाचला तो त्या फळ्यावर.

आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवरच्या पोरांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेली होती, 'अंगणवाडी' हा शब्द तिथूनच आला. खडे, बिया, पानं, जे पोरांच्या भोवती आहे त्यातून शिकवायचं. मला खूपदा वाटतं की फोन हा आजच्या काळातला तसाच एक खडा आहे, पोरांच्या झोपडीत आधीच असलेला. तो कसा उचलायचा ते आपण बघायचं.

आता टीव्ही बद्दल, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल मी पडद्याच्या विरोधात आहे. अजिबात नाही. आत्ताच्या शाळेत 43 इंची टीव्ही आहे, तोही लोकसहभागातून. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर स्कॅन करून बरंच काही मिळतं. दीक्षा 2017 च्या 5 सप्टेंबरला, शिक्षक दिनी सुरू झालं. आणि पुस्तकात क्यूआर कोड ही कल्पना आपल्या राज्यात ज्यांच्यामुळे घराघरात माहीत झाली ते तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिकवणारे रणजितसिंह डिसले सर, 2020 चा ग्लोबल टीचर प्राईज मिळालेले. 10 लाख डॉलरचं बक्षीस आणि त्यातलं निम्मं त्यांनी बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटून टाकलं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने हे केलं म्हणून त्या दिवशी आमच्या ग्रुपवर नुसता गुलाल होता.

पण व्हिडिओ वर्गात कसा दाखवायचा याची माझी एक सवय झालीये. शाळेत रेंजचा भरवसा नाही, म्हणून आदल्या रात्री घरी डाउनलोड करून नेते. आणि एकदा तरी आधी आवाज बंद करून दाखवते. आवाज नसला की पोरंच बोलतात, "अरे ते बघ बी फुटलं", "नाही, ते मूळ आहे." मग मधेच थांबवायचं, आता पुढे काय होईल? तीन मिनिटांच्या व्हिडिओला माझी पस्तीस मिनिटं जातात. सरळ लावून सोडून दिला तर तीन मिनिटांत संपतो आणि पोरं म्हणतात दुसरा लावा.

त्याहून चांगलं चालतं ते पोरांच्याच जगातलं पडद्यावर मोठं करून दाखवणं. मागच्या महिन्यात एकाने द्राक्षाचं पान आणलं होतं. मी फोनचा कॅमेरा टीव्हीला जोडला आणि पान उलटं करून जवळ धरलं. खालच्या बाजूला पांढरी लव, टीव्हीवर कापसासारखी दिसायला लागली. मी काही बोलायच्या आत दुसरीतला एक जण म्हणाला, "ही डावणी आहे." दुसरा म्हणाला, "भुरी." मग वाद, दोन्ही द्राक्षावरचे रोग. पहिल्याने उठून सांगितलं की भुरी पानाच्या वरती राखेसारखी पडते आणि डावणी खालून येते, वरून पिवळा तेलाचा डाग दिसतो. पान पालथं करून बघितलं तर खरंच वरती पिवळट डाग. सात वर्षांचं पोरगं! दिवसभर बापासोबत बागेत फिरून शिकलेलं. परिसर अभ्यासाचा तो सगळ्यात चांगला तास झाला आणि शिकवला त्याने. (फवारणीची पानं असतात, पोरांनी नंतर साबणाने हात धुतले का ते मी स्वतः उभं राहून बघितलं, कोणी असं करणार असेल तर हे विसरू नका.)

सरांच्या वर्गात गुगल अर्थ चालतं. तिसरीला आपला जिल्हा आहे ना. ते शाळेच्या पत्र्यापासून सुरू करतात, कारण हिरव्या शेतात आमचा निळा पत्रा लगेच ओळखू येतो, मग गिरणारे, मग वाघेरा घाट, मग हरसूल, आणि मग तिकडची पोरं उठून टीव्हीला बोट लावून सांगतात आता इकडे, आता नदी येईल, आता आमचा पाडा. एकाला त्याचं घर सापडलं. घर म्हणजे एक करडा ठिपका, पण शेजारचं आंब्याचं झाड त्याने ओळखलं. नकाशात उत्तर वर असते हे पाठ करून घेण्यापेक्षा घरी जायला कुठे वळायचं हे समजणं, आणि मग त्यातून दिशा, हा क्रम मला बरोबर वाटतो.

सर गणितासाठी प्लिकर्सची कार्डं वापरतात, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते कारण एकच फोन असलेल्या शाळेला हे फार सोयीचं आहे. प्रत्येक पोराला एक छापील कागद, त्यावर क्यूआर कोडसारखी काळी आकृती, प्रत्येकाची वेगळी. आकृतीच्या चार बाजूंना बारीक ए बी सी डी. प्रश्न विचारला की आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असा कागद फिरवून धरायचा. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं काय उत्तर ते फोनवर येतं. पोरांच्या हातात नुसता कागद, अक्षर इतकं बारीक की शेजाऱ्याला दिसत नाही, आणि आकृत्या वेगळ्या असल्यामुळे बघून कागद फिरवता येत नाही. जे कधी हात वर करत नाहीत त्यांचं उत्तर पण मिळतं. आम्ही पहिल्यांदा चकचकीत लॅमिनेशन केलं तर उजेड पडून फोनला दिसेना, परत मॅट करावं लागलं, तेवढं लक्षात ठेवा.

मला रागही आहे, तो पण लिहिते. ज्या फोनने मी हे करते त्याच फोनवर मला दिवसभर माहिती भरायची असते. हजेरी, पोषण आहार, हा फोटो अपलोड, तो फोटो लोकेशनसकट, ही लिंक आज दुपारी चारच्या आत. रेंज नाही म्हणून व्हरांड्याच्या टोकाला उभं राहायचं आणि आत पोरं एकटी. 'डिजिटल' या शब्दाखाली शिक्षकाच्या वाट्याला आज जे येतं त्यातलं बरंचसं शिकवण्याचं नाहीच, हिशोबाचं आहे. कुणी धोरण ठरवणारं हे वाचत असेल तर माझं एवढंच मागणं आहे की नवीन वस्तू द्यायच्या आधी आमचे हे तास परत द्या. आणि शाळेचं वीजबिल. टीव्ही लोकवर्गणीतून आणायचा आणि बिल शिक्षकांनी खिशातून भरायचं हे किती दिवस चालणार.

आणि पोरांचे आवाज, पोरांचे फोटो हे त्यांचे आहेत. मी आधी स्टेटसला टाकायचे, छान वाचतंय बघा म्हणून. एका आईने विचारलं, मॅडम, आमच्या पोरीचा फोटो एवढ्या लोकांनी कशाला बघायचा? बरोबर आहे तिचं. तेव्हापासून रेकॉर्डिंग त्या फोनमध्ये, माझ्या कानात आणि त्या पोराच्या आई-बापाकडे, बाकी कुठेही नाही. वर्ष संपलं की पालकांना देऊन फोन रिकामा करते.

पालकांना देण्याचं पण सांगायला हवं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला मी प्रगतिपुस्तक वाचून दाखवत नाही. एकेका पालकाला बाजूला घेऊन त्यांच्या पोराचं नोव्हेंबरचं वाचन ऐकवते आणि मग फेब्रुवारीचं. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनाही फरक कळतो. एक वडील ऐकून झाल्यावर बराच वेळ फोनकडे बघत होते, मग म्हणाले, "हा आमचाच का?" आणि दुसऱ्यांदा लावायला लावलं. त्यानंतर तो मुलगा बागेत कामाला थांबला नाही, रोज शाळेत.

ज्या मुलीने पायरीवर बसून परकाश ऐकलं तिचं कुटुंब मे महिन्यात परत गेलं. बदलीचा कागद, नवीन शाळेच्या सरांना फोन, हे सगळं केलं, आणि तिच्या वडिलांच्या फोनवर तिची सगळी रेकॉर्डिंग टाकून दिली. मला वाटलं झालं. जूनच्या शेवटी रात्री साडेनऊला एक व्हॉइस नोट आली. बाहेर पाऊस पडतोय, कोणीतरी "जोरात बोल" म्हणतंय, आणि ती सवयीने आधी हजेरी नंबर सांगते, माझ्या वर्गातला, मग पान नंबर. मग वाचते. 'परकाश' म्हणाली. थांबली. मग 'प्रकाश' म्हणाली आणि पुढे गेली.

तिच्या पाड्यावर रेंज फक्त टेकडीच्या वरच्या अंगाला येते, म्हणून वडील दोन-तीन दिवसांतून एकदा फोन घेऊन वर जातात. व्हिडिओ जात नाही, व्हॉइस नोट जाते. ती आता तिसरीत आहे. मी तिसरीच्या पुस्तकातलं पुढचं पान आज रात्री माझ्या आवाजात भरून पाठवणार आहे, हळू, आणि शेवटी थोडी जागा सोडून, म्हणजे तिला मधे थांबून माझ्यासोबत वाचता येईल.